चौथा रकाना

छत्तीस वर्षे तहसील कचेरीच्या दफ्तरात बसून, इतरांनी लिहिलेल्या मजकुराखाली ‘तपासले, बरोबर आहे’ असा शेरा मारून सही करणे हाच ज्याचा व्यवसाय होता, त्या माणसावर निवृत्तीनंतर पुन्हा एका रजिस्टराची रुजवात घेण्याची पाळी येईल, आणि ते रजिस्टर जमिनींचे नसून शब्दांचे असेल, असे भाकीत एखाद्या ज्योतिषाने केले असते तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती. परंतु गेल्या ज्येष्ठात आमचा भाचा केंद्र सरकारच्या कारकुनी परीक्षेच्या तयारीसाठी सोलापूरहून पुण्यास आमच्याकडे राहावयास आला, आणि दोन सदरे, एक चादर व शेंगदाण्याच्या चटणीची बरणी यांच्या खालून त्याने जो ग्रंथ बाहेर काढला, त्याने आमच्या घराची शांतता हिरावून घेतली.

ग्रंथ दिल्लीकडचा होता. मुखपृष्ठावर गळ्यात टाय बांधलेला एक हसरा तरुण दोन्ही हात उंचावून उभा होता, आणि आत पानोपानी तीन रकाने आखलेले होते: पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात नागरी लिपीत त्याचा उच्चार, तिसऱ्यात हिंदी अर्थ. या परीक्षांत इंग्रजीचा एक स्वतंत्र विभाग असतो, त्यात समानार्थी, विरुद्धार्थी आणि वाक्यसमूहाबद्दल एक शब्द असे प्रश्न येतात, आणि ज्या शब्दांवर हे प्रश्न बेतलेले असतात ते खुद्द इंग्रजांच्याही रोजच्या बोलण्यात येत असतील असे वाटत नाही. हे शब्द रोज वीस या हिशेबाने पोटात उतरवावयाचे, अशी भाच्याची प्रतिज्ञा होती.

‘अर्थ मराठीत दिलेलं पुस्तक नव्हतं का रे?’ मी विचारले.

‘विचारलं ना, मामा. अप्पा बळवंत चौकातला दुकानदार म्हणाला, मराठी अर्थाचं आहे, पण ते शाळेतल्या पोरांचं. ॲडव्हान्स्ड पाहिजे तर हेच. सगळे हेच नेतात.’

‘सगळे हेच नेतात’ या वाक्यावर अप्पा बळवंत चौकात अपील चालत नाही, हे पुस्तके घेणारा कोणीही सांगेल. मी गप्प बसलो. आमच्या पिढीने इंग्रजीचा उंबरठा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे बोट धरून ओलांडला. त्या पाठमालेतील वाक्ये पृथ्वीच्या पाठीवर कोणी कोणाशी बोलत असेल की नाही याविषयी मला आजही शंका आहे, परंतु मराठीतून निघालेला माणूस थेट इंग्रजीत उतरे, मध्ये कोठे गाडी बदलावी लागत नसे. आता मार्गात हिंदीचा नाका आला होता. अर्थात, त्याची धास्ती ना भाच्याला होती ना मला, कारण हिंदी आपल्याला येते हा मराठी माणसाचा एक उपजत विश्वास आहे. लिपी तीच, अर्धे शब्द तेच, आणि उरलेले अर्धे चित्रपटगृहात शिकलेले. या हिंदीवर रिक्षावाल्याशी भांडण करता येते, काशीच्या पंड्याशी दक्षिणेची घासाघीस करता येते, आणि प्रसंगी प्रेमही करता येते असे ऐकतो. मात्र त्या तिसऱ्या रकान्यात जी हिंदी दबा धरून बसली होती ती कोणत्याही चित्रपटाच्या नायिकेने कधी उच्चारलेली नव्हती. ती आपल्याच संस्कृत आजीची दुसऱ्या घरी वाढलेली नात होती. नाकडोळे आपलेच, दागिनेही बहुतेक आपलेच, पण कमरेचा दागिना तिने गळ्यात घातलेला.

पहिला खटका तिसऱ्या दिवशी सकाळी उडाला. भाचा माडीवर येरझाऱ्या घालीत मोठ्याने घोकत होता, ‘पेडॅगॉजी म्हणजे शिक्षाशास्त्र, पेडॅगॉजी म्हणजे शिक्षाशास्त्र’, आणि खाली स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या आमच्या कुटुंबाचे लाटणे थांबले.

‘अहो, याचंही शास्त्र असतं?’ तिने विचारले.

शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण, हे मला कळत होते. पण ते तिला सांगण्यापूर्वीच तिने विषय पुढे नेला. तिच्या शाळेतील एक गुरुजी या शास्त्रात अत्यंत पारंगत होते म्हणे. अंगठे धरून उभे करणे हा त्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम, बोटांच्या पेरांवर उभी पट्टी हा माध्यमिक, आणि ओल्या निरगुडीची छडी हे उच्च शिक्षण. ‘त्यांना कुणी पदवी दिली नाही, एवढंच,’ ती म्हणाली. तेव्हापासून भाच्याच्या वर्गाला ती ‘शिक्षेचा वर्ग’ म्हणते, आणि त्या वर्गाची फी किती आहे हे ऐकल्यापासून मीही तिच्या शब्दयोजनेला आक्षेप घेतलेला नाही.

यानंतर दर दिवसाआड काही ना काही निघू लागले. ‘एन्डेव्हर’ या शब्दापुढे ‘चेष्टा’ असे लिहिले होते आणि खाली उदाहरणादाखल, यश मिळवावयाचे तर माणसाने निरंतर चेष्टा केली पाहिजे, अशा आशयाचे एक वाक्य होते. भाच्याने ते मला वाचून दाखविले तेव्हा मला आमच्या कचेरीतील एका सहायकाची आठवण झाली. त्याने साहेबांची निरंतर चेष्टा केली होती आणि त्याचे फळ म्हणून त्याची बदली गडचिरोलीला झाली होती. ‘सोल्यूशन’ म्हणजे ‘समाधान’ हे मात्र मला विचार करावयास लावणारे वाटले. कारण हिंदीत उत्तर सापडले म्हणजे समाधान होते, मराठीत ते उत्तर न सापडताही होऊ शकते. किंबहुना आमच्या ओळखीच्या बहुतेक समाधानी माणसांना ते तसेच झालेले आहे. ‘अमेंडमेंट’ म्हणजे ‘संशोधन’ हे वाचून भाच्याने मोठ्या आदराने उद्गार काढले की, आपल्या राज्यघटनेवर शंभराहून अधिक वेळा संशोधन झाले आहे! घटनादुरुस्तीला एवढी विद्वत्तेची प्रतिष्ठा यापूर्वी कोणी दिली असेल असे वाटत नाही. आणि ‘बिझी’ म्हणजे ‘व्यस्त’. हा शब्द तर भाच्याच्या जिभेवरच चढला. मित्राचा फोन आला की ‘मी व्यस्त आहे’ असे तो सांगे. आमच्या अंकगणितात व्यस्त हे केवळ प्रमाण असते: मजूर वाढले की दिवस कमी होतात. पुस्तके वाढली की अभ्यास कमी होतो हे त्याच्या बाबतीत मी प्रत्यक्ष पाहत असल्यामुळे तो व्यस्त आहे हे मलाही मान्य करावे लागले.

‘चिकित्सा’ या शब्दावरून मात्र घरात थोडी कटुता आली. हिंदीत चिकित्सा म्हणजे औषधोपचार, आणि चिकित्सक म्हणजे वैद्य. ‘आपल्या घरात वैद्य नाही असं कोण म्हणतं?’ आमच्या कुटुंबाने वाढता वाढता म्हटले. ‘आमटीत चिंच जास्त, भाकरी एका बाजूला जाड, ताक आंबट. रोज दोन वेळा चिकित्सा चालते या ताटावर. रोगी मात्र मी.’ मी त्या दिवशी ताक मुकाट्याने प्यालो.

आता खरे सांगावयाचे तर संस्कृत शब्दांनी दिलेले हे धक्के मी सहन केले, कारण संस्कृतावर माझा तसा हक्क नव्हता. मी माणूस दफ्तरातला. माझे भांडवल फारसी. दाखला, दस्तऐवज, नक्कल, मुदत, तजवीज, कैफियत, जमाबंदी या शब्दांच्या सावलीत मी लहानाचा मोठा कारकून झालो, आणि निदान या प्रांतात तरी हिंदी आपल्याला फसविणार नाही, कारण तिनेही ते त्याच वाड्यातून उचलले आहेत, अशी माझी खात्री होती. ‘ऑब्जेक्शन’ या शब्दापाशी तिला पहिला तडा गेला. तिसऱ्या रकान्यात ‘आपत्ति’. आमच्याकडे आपत्ती म्हणजे महापूर, भूकंप, किंवा फार तर पाहुणे. मी भाच्याला शांतपणे म्हणालो, ‘अरे, याला हरकत म्हणतात. फेरफाराची नोटीस निघाली की हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. लिही, हरकत.’ त्याने हिंदी कोश उघडला आणि हरकतीचा अर्थ वाचून दाखविला: हालचाल, चाळा, खोडी. म्हणजे ज्या हरकतदारांच्या तक्रारी मी आयुष्यभर गंभीर चेहऱ्याने नोंदवून घेतल्या ते सारे, हिंदीच्या मते, खोड्या काढीत होते! तसे त्यांतले काही काढीतही होते, ही गोष्ट निराळी.

‘शिकस्त’ने मात्र माझा पाय पुरताच घसरला. ‘डीफीट’ या शब्दापुढे तो उभा होता. हिंदीत, आणि मूळ फारसीतही, शिकस्त म्हणजे पराभव, मोडतोड. आणि आम्ही? आम्ही प्रयत्नांची शिकस्त करतो! बदली रद्द करून घेण्यासाठी, मुलीचे लग्न जमविण्यासाठी, पेन्शनची फाईल हलविण्यासाठी मी आजवर ज्या ज्या शिकस्ती केल्या त्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि त्या बहुतेकांचा शेवट पाहता फारसी अर्थच अधिक यथार्थ होता की काय, अशी शंका मनात डोकावून गेली. शब्द मोडण्याचा खरा, परंतु आम्ही तो मोडेपर्यंत न थांबण्यासाठी वापरतो.

‘राजीनामा’ आला तेव्हा मी सावध होतो. हिंदीने त्याचा अर्थ तडजोड, उभयपक्षी संमतीचा कागद, असा दिला. नोकरी सोडण्यासाठी तिने ‘इस्तीफा’ हा वेगळा शब्द राखून ठेवला आहे. या एका शब्दाची वकिली मात्र मी भाच्यापुढे पाऊण तास केली. जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली वहिवाटीत जमीन सोडणाऱ्याने राजीनामा द्यावयाचा आणि घेणाऱ्याने कबुलायत लिहून द्यावयाची, असा दस्तुर होता. म्हणजे ‘मी राजी आहे’ असे लिहून देऊन माणूस वावरावरून उठे; पुढे तो खुर्चीवरून उठू लागला तेव्हाही कागदाचे नाव तेच राहिले. राजी असो वा नसो, लिहून द्यावयाचे मात्र ‘राजी’ म्हणूनच. पाऊण तासाच्या अखेरीस भाच्याने विचारले, ‘पण मामा, परीक्षेसाठी काय पाठ करू?’ मी म्हणालो, ‘तडजोड.’ तोही माझा एक राजीनामाच होता, दोन्ही अर्थांनी.

या पडझडीनंतर मी वाचनालयातून फादर कामिल बुल्के यांचा इंग्रजी-हिंदी कोश आणला, कारण कोणत्याही नोंदीची शहानिशा मूळ दस्तावरून करावी हा कचेरीचा नियम अंगवळणी पडलेला. हा कोश १९६८ सालचा. बुल्के जन्माने बेल्जियन, मातृभाषेने फ्लेमिश, आणि रामकथेचे असे व्यासंगी की त्यांच्यापुढे आमच्या आळीतील पुराणिकांनी पोथी मिटावी. तो कोश मांडीवर घेऊन बसलो असता माझ्या मनात आले की, काय हा योग! सोलापूरच्या एका मुलाला इंग्रजांचा शब्द कळावा म्हणून त्याचा अर्थ बेल्जियममधून आलेल्या एका पाद्र्याने हिंदीत सांगावा, आणि त्या हिंदीचा अर्थ पुण्यातल्या एका निवृत्त अव्वल कारकुनाने मराठीत लावावा. पण यात नवल तरी कसले? आमच्या मराठीचा जो कोश आजही विद्वानांच्या मेजावर असतो तो मोल्सवर्थचा, आणि मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला इंग्रज. त्याच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची आणि दुसरी १८५७ची. ज्या वर्षी उत्तरेत तोफा धडधडत होत्या, त्या वर्षी हा गृहस्थ मराठी शब्दांची दुसरी मोजदाद छापून मोकळा झाला. घरच्यांना घरातल्या भांड्यांची संख्या ठाऊक नसते, ती मोजतो चोर किंवा पाहुणा, आणि मोल्सवर्थ यांपैकी कोण हे ज्याने त्याने ठरवावे.

मग मी भाच्याच्या वहीत चौथा रकाना आखून दिला: ‘मराठी’. आणि त्या रकान्याची मुख्य कारभारीण, माझी तशी कोणतीही तजवीज नसताना, आमचे कुटुंब झाले.

त्याचे असे झाले की, त्या दिल्लीच्या ग्रंथकाराला अर्थ लिहावयाचा कंटाळा होता. इंग्रजीत चिक्कू माणसासाठी ‘पार्सिमोनियस’, ‘पेन्यूरियस’, ‘मायझर्ली’, ‘स्टिंजी’ अशी एक पलटण आहे. ग्रंथकाराने सर्वांना ‘कंजूस’ हा एकच गणवेश चढविला होता. बडबड्या माणसांचेही तेच: ‘गॅर्युलस’, ‘लोक्वेशस’, ‘व्हर्बोज’, ‘व्होल्युबल’, आणि पुढे ‘बातूनी’, ‘बातूनी’, ‘बातूनी’ आणि, ग्रंथकारही दमला असावा, ‘वही’. भाचा हताश होऊन म्हणाला, ‘मामी, सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर शब्द चार कशाला?’

‘माणसं चार असतात म्हणून,’ ती भाजी निवडीत म्हणाली. ‘समोरच्या काकूंची टकळी असते, काही विषय लागत नाही. तुझा धाकटा मामा पाल्हाळिक: लग्नाला गेलो होतो एवढं सांगायला गाडीच्या तिकिटापासून सुरुवात. दूधवाला तोंडाळ. आणि तुझे मामा,’ तिने शेंगेची शीर ओढली, ‘कचेरीत मितभाषी.’

भाच्याने लगोलग चौथा रकाना भरला, आणि विशेष हे की ते चार शब्द तो पुन्हा विसरला नाही. ‘व्हर्बोज’ म्हटले की त्याला धाकटा मामा आणि गाडीचे तिकीट आठवे. चिक्कूंच्या पलटणीची वाटणीही अशीच झाली: कवडीचुंबक कोण, कद्रू कोण, चेंगट कोण, मात्र ती यादी सर्वस्वी आमच्या नातेवाइकांतून निवडलेली असल्यामुळे येथे देण्याची सोय नाही. शिकवणी वर्गातले गुरुजी शब्द लक्षात ठेवण्यासाठी ज्या क्लृप्त्या सांगत त्या हिंदीवर बेतलेल्या असल्याने भाच्याच्या उपयोगी पडत नसत. त्याने स्वतःच्या बनविल्या. ‘बेलिकोज’ म्हणजे भांडखोर, कारण बैल कोपला. नॉर्मन लुइस या अमेरिकन पंडिताने ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक १९४९ साली लिहिले; त्यात तो लॅटिन व ग्रीक धातूंवरून शब्द उलगडून दाखवितो, आणि या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले युद्ध आहे हे भाच्यालाही त्यावरूनच कळले. तरी परीक्षेच्या मांडवात लॅटिन युद्धापेक्षा सोलापूरचा बैल लवकर धावून येतो, हे त्याचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

श्रावणातल्या एका संध्याकाळी प्राण्यांचा पाठ निघाला. पुस्तकात एक धोक्याची सूचना होती की ‘गूज’ याचे अनेकवचन ‘गीज’ होत असले तरी ‘मंगूज’ याचे ‘मंगीज’ होत नाही, ‘मंगूजेस’ होते. परीक्षक येथे हटकून सापळा लावतात. तिसऱ्या रकान्यात अर्थ होता ‘नेवला’. भाच्याला नेवला ठाऊक नव्हता. मलाही नव्हता.

‘नवलकोलाचा कोणी भाऊबंद असेल,’ आमच्या कुटुंबाने आतून सुचविले.

‘मामी, प्राण्यांचा पाठ आहे!’

मी कोशात शोधले. नेवला म्हणजे नकुल. नकुल म्हटल्यावर मला सहदेवाचा भाऊ तेवढा आठवला, पण त्याला अनेकवचन लावण्यात अर्थ नव्हता. शेवटी भाच्याने इंग्रजी-इंग्रजी कोश काढला आणि त्यातील वर्णन मराठी करून मोठ्याने वाचू लागला: लहानसा, लांबट अंगाचा, चपळ, साप मारण्याविषयी प्रसिद्ध...

‘अरे, मग मुंगूस म्हण की!’ ती बाहेर येत म्हणाली.

‘तोच शब्द आहे, मामी. मी त्याचाच अर्थ विचारतोय.’

‘मुंगूस.’

‘हो, पण अर्थ?’

हा संवाद आणखी किती वेळ चालला असता कोणास ठाऊक, परंतु माझी नजर कोशातल्या नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेल्या व्युत्पत्तीवर गेली. इंग्रजांनी हा शब्द मराठीतून नेला होता. यूल आणि बर्नेल या दोघा साहेबांनी इंग्रजीत मुरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जो कोश १८८६ साली काढला, त्याचे एक जुने पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात लूट, ठग, बंदोबस्त, चिठ्ठी यांच्या संगतीत आमचे मुंगूसही बसलेले सापडले. म्हणजे कोकणातल्या एखाद्या कुंपणातून हा प्राणी गलबतात चढला, विलायतेस गेला, तेथे त्याच्या शेपटाला इंग्रजी अक्षरे चिकटली, आणि आता तो दिल्लीमार्गे, नेवल्याचे ओळखपत्र दाखवून, आमच्या माडीवर परत आला होता. आणि घरातला मुलगा त्याला विचारत होता, आपण कोण?

भाच्याने चौथ्या रकान्यात ‘मुंगूस’ असे लिहिले, थोडा वेळ त्याकडे पाहिले, पहिल्या रकान्याकडे पाहिले, आणि म्हणाला, ‘मामा, हे कॉपी केल्यासारखं दिसतंय.’ त्याने ते खोडून ‘नेवला’ पक्के केले. पुस्तकात तोच छापलेला होता.

मुंगसाचे तोंड दिसणे शुभ, अशी आमच्या कुटुंबाची श्रद्धा आहे. लहानपणी आजोळच्या परसात भावंडे मुंगसाला रामाची शपथ घालून तोंड दाखविण्याची गळ घालीत, आणि दाखविले तर त्या दिवशी हमखास गोडधोड मिळे, असे ती सांगते. पुण्यास आल्यापासून तो योग तिला आला नव्हता. परीक्षेच्या दिवशी सकाळी ती परातीत कणीक तिंबत होती, भाचा खिडकीशी उभा राहून शेवटची उजळणी करीत होता, आणि मागच्या भिंतीवर काही तरी तपकिरी सळसळले.

‘मामी, लवकर या! नेवला!’ भाचा ओरडला.

‘काय? कोण आलंय?’ तिने विचारले. मग क्षणभर थांबून तिने मनाशी तिसऱ्या रकान्यातून चौथ्या रकान्याकडे प्रवास केला, ‘अगं बाई, मुंगूस!’ असे म्हणून कणकेच्या हातांनी ती खिडकीकडे धावली. पण तोवर ते भिंतीच्या पलीकडे उतरले होते, आणि तिला दिसले ते केवळ शेपूट.